पापणीची आवक कोणत्या दफ्तरी?

नवजात अर्भकाची एक पापणी जन्मतःच ओघळलेली असली, तर ती बाब आपल्याकडे बहुधा कौतुकाच्या खात्यावर जमा होते. ‘आजोबांच्या वळणावर गेलंय’ असे म्हणून बारशाच्या बायका तीट लावून मोकळ्या होतात, आणि पुढेमागे शंका निघालीच, तर ग्रहणात आईने काही चिरले असेल असा ठपका त्या बिचारीवर येतो. वस्तुतः गर्भाच्या पापण्या दहाव्या आठवड्याच्या सुमारास एकमेकींस चिकटतात व पाचव्या ते सातव्या महिन्यांच्या दरम्यान पुन्हा विलग होतात. वरची पापणी उचलणारा स्नायू गर्भातच नीट न घडता त्याच्या तंतूंची जागा चरबीने व तंतुमय ऊतीने घेतली, म्हणजे ती पापणी पडते. विळीचा यात काडीचाही संबंध नाही.

आमच्या तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटमध्ये कांदा-बटाटा बाजाराच्या दाराशी एक वारणार कामगार आपल्या लेकीला कडेवर घेऊन चहा पीत होता. हनुवटी उंच करून, कपाळाला आठ्या घालून ती पोर ट्रकमधून उतरणाऱ्या गोण्या न्याहाळत होती. ‘दादा, लेक मुकादम होणार तुमची!’ असे कोणी म्हणालेही. ती ऐट नव्हती. बाहुलीवर आलेल्या पापणीखालून जग पाहण्यासाठी त्या जिवाने स्वतःच काढलेली ती तजवीज होती. खाली पाहताना मात्र हीच पापणी दुसरीपेक्षा किंचित वर राहते, कारण तो ताठ स्नायू सैलही पडत नाही. काही बाळांची पापणी दूध ओढताना जबड्याबरोबर उघडझाप करते. १८८३ साली मार्कस गन या नेत्रवैद्याने हा प्रकार नोंदविला, परंतु पाजणाऱ्या आईच्या दृष्टीस तो सर्वांआधी पडत असला पाहिजे.

‘मोठी झाल्यावर बघू’ हा सल्ला अर्धा खरा आहे, आणि म्हणूनच घातक आहे. बाहुली मोकळी असेल, तर शस्त्रक्रिया तीन ते पाच वर्षांच्या वयापर्यंत खुशाल लांबवावी. परंतु बाहुली झाकली गेली असेल, तर ज्या डोळ्याकडून प्रतिमा येत नाही त्याकडे मेंदू कायमचा कानाडोळा करू लागतो, आणि सात-आठ वर्षांची मुदत उलटल्यावर पापणी कितीही सुबक उचलली तरी गेलेली नजर क्वचितच परत मिळते. अशा बाळाची पापणी काही महिन्यांच्या वयातच कपाळाच्या स्नायूला टांगावी लागते. वरच्या पापणीस जन्मतः खाच असेल, तर बुबुळ सुकू नये म्हणून पहिल्या दिवसापासून मलम हवे. तेथे काजळाचे बोट फिरवणे हा शुद्ध अविचार होय.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या पालघरलाच झाला. त्याच्या मूळ तीस व्याधींच्या जाबत्यात जन्मजात मोतीबिंदू, दुभंगलेला ओठ, वाकडे पाऊल हे सारे आहे. पापणीचे नाव नाही. ‘दृष्टिदोष’ हे सदर आहे खरे, पण पडलेली पापणी त्यात रुजू होणार ती नजर बिघडल्यावर! त्यात आमच्या बाजाराची तऱ्हा अशी की, कांदा-बटाट्याचा व्यापार १९८१ साली मुंबईहून येथे हलला, त्याबरोबर सातारा-सांगलीकडची माथाडी कुटुंबेही तुर्भे-कोपरखैरण्यास स्थिरावली, तरी बाळंतपण मात्र माहेरीच. लेकरू जन्मते पाटण तालुक्यात, वाढते येथे, आणि तपासणीचा कागद तिकडेच राहतो. गोणीची आवक नोंदल्यावाचून आडत्याच्या गाळ्यावर पट्टी निघत नाही; पापणीची आवक कोणत्या दफ्तरी आहे, हे येथे कोणास विचारावे?

माता व बाल संरक्षण कार्ड आईबरोबर गावाहून येते, तेव्हा त्याच कार्डावर पापण्यांची एक ओळ घालावी, एवढीच माझी मागणी आहे. पहिल्या बेचाळीस दिवसांच्या गृहभेटींत आशाताई बाळाच्या डोळ्यांत पू आहे का, हे पाहतातच. दोन्ही बाहुल्या सारख्या उघड्या दिसतात का, हे त्याच बैठकीत पाहून लिहून ठेवण्यास निराळी मंजुरी अथवा निराळे अंदाजपत्रक लागू नये.

— मापाडी