दिवाणाखालचं पुस्तक



परवा दिवाणाखालचा केर काढताना आत्यांच्या पुस्तकाचे दोन खोके पुन्हा हाताला लागले. पर्वातल्या स्वयंपाकावरचं पुस्तक. आत्यांनी ठेव मोडून हजार प्रती छापल्या. निम्म्या मंदिरात प्रभावना म्हणून वाटल्या, उरलेल्या नातेवाइकांकडे ठेवल्या. आत्या गेल्या, खोके आमच्या ट्रॉम्बेच्या घरी राहिले.

हल्ली तुमच्यापैकी बऱ्याच जणी विचारतात, "आपणही पुस्तक काढायचं का?" जरूर काढा. पण आत्यांसारखं नको, हे माझं स्पष्ट मत.

आधी लिहिण्याचं. आत्यांच्या पुस्तकात पानोपानी 'पाणी अंदाजाने', 'मीठ चवीपुरतं'. ज्या सुनेला अंदाज आहे तिला पुस्तक नको, आणि जिला पुस्तक हवंय तिला अंदाज नाही! कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं. बाईंचं शिक्षण चौथीपर्यंत. पण त्यांनी मापं दिली वाटी-चमच्याची, प्रत्येक घरात असणारी. त्या पुस्तकाच्या लाखाहून जास्त प्रती खपल्या. म्हणून कृती लिहून झाली की ती स्वयंपाक न येणाऱ्या मुलीच्या हातात द्या आणि आपण ओट्यापासून लांब गप्प बसा. ती जिथे हाक मारेल, तिथे तुमचं वाक्य अपुरं आहे.

दुसरं, सगळं लिहू नका. पोहे-उपमा सगळ्यांना येतात. कांदा-बटाट्याशिवाय रस्सा दाट कसा करायचा, पर्वात हिरवी भाजी बंद असताना दहा दिवस डब्यात काय द्यायचं, नोकरीवरून येणारीने सूर्यास्ताआधी जेवण कसं जमवायचं, हे आपल्यालाच ठाऊक आहे. तेच लिहा.

छापताना दोन-तीन छापखान्यांचे दर लेखी घ्या. पहिल्यांदा शंभर-दोनशेच प्रती काढा. प्रत थोडी महाग पडेल, पण चुका कळतील आणि दिवाणाखाली खोके साठणार नाहीत. आयएसबीएन क्रमांक आपल्याकडे सरकारकडून फुकट मिळतो, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

आता वाटण्याचं. इथे काही जणी रागावतील. शास्त्रदान हे आपल्या चार दानांपैकी एक, मग पुस्तकाला किंमत कशी लावायची? दहाव्या शतकात कर्नाटकात अत्तिमब्बेने शांतिपुराणाच्या हजार प्रती ताडपत्रावर उतरवून घेऊन वाटल्या. पुस्तकाचा प्रसार म्हणजे काय, हे त्या श्राविकेकडून शिकावं. पण ते पुराण पोन्न कवीचं होतं, तिचं स्वतःचं नव्हे. दुसरीचं पुस्तक विकत घेऊन वाटणं हे दान. स्वतःचं फुकट वाटलं की लोक नारळाबरोबर पिशवीत टाकतात आणि उघडतही नाहीत. शंभर रुपये मोजलेली बाई निदान एक पदार्थ तरी करून बघते, आणि बिघडला तर फोन करते. तो फोन म्हणजेच तुमची पुढची आवृत्ती.

जाहिरात म्हणाल, तर महिला मंडळात भाषणाऐवजी पुस्तकातला एक पदार्थ करून न्या. कच्च्या केळ्याचे वडे खाल्ल्यावर कृती कोणी विचारली नाही, असं मी पाहिलेलं नाही.

आणि मुखपृष्ठावर नाव स्वतःचं घाला. 'एक श्राविका' नको. आत्यांनी तेच घातलं होतं. आज ते पुस्तक कोणाचं, हे घराबाहेर कोणालाच माहीत नाही.

हे सगळं आत्ता का सुचतंय? सासूबाई ब्याऐंशीच्या झाल्यात. गेल्या महिन्यात त्या विचारत होत्या, "डाळ-ढोकळीत चिंच घालतात की कोकम?" त्यांनीच मला शिकवलेला पदार्थ. तेव्हापासून दर रविवारी मी वाटी-चमचा घेऊन त्यांच्यापुढे बसते. त्या हाताने पीठ घालतात, मी ते आधी मोजून घेते. बावीस कृती झाल्यात.

आत्यांचे खोके श्रुतपंचमीला मंदिराबाहेरच्या टेबलावर मांडणार आहे. किंमत लावून. आणि पहिल्या पानावर त्यांचं नाव हाताने लिहून.