थारोळ्यातील पाणी

पाठाखालील शब्दार्थांच्या यादीने विद्यार्थ्यांची शब्दसंपदा वाढते, हा समज तपासून पाहण्याजोगा आहे. ‘थारोळे’ हा शब्द शालेय मुलांना आज भेटतो तो वृत्तपत्रांतून, आणि तोही बहुधा रक्ताच्याच संदर्भात. वस्तुतः चामड्याच्या मोटेचे पाणी विहिरीच्या काठावर ज्या कुंडात ओतले जाई ते थारोळे. तेथून ते पाटाने मळ्यात वाहे. कोशांत हा अर्थ आहेच. परंतु नाडा म्हणजे मोटेचा जाड दोर, धाव म्हणजे बैलांची उतरण, यांच्याशी असलेले त्याचे नाते एका ओळीच्या अर्थात मावत नाही. मुलांना ओस पडलेल्या विहिरीवर नेऊन ही नावे जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडून ऐकविणे हे भाषाशिक्षकाचेच काम होय. ते सहलीवर (जिची गणना अभ्यासात होत नाही) ढकलता कामा नये. इंजिने व विजेचे पंप येण्यापूर्वी ज्यांनी मोट हाकली, ती माणसे आता फार थोडी उरली आहेत.