माळ्यावरचे आवाज

दिवाळीची झाडलोट सुरू झाली म्हणजे आमच्या रामदासपेठेंत जुन्या घरांच्या माळ्यांवरून कॅसेटी खालीं येतात आणि रद्दीवाल्याच्या हातगाडींत पडतात. “आतां सारें मोबाइलवर मिळतें,” असें वडील मंडळीहि म्हणूं लागली आहेत. या समजुतीविषयीं आम्हांस चार शब्द लिहावेसे वाटतात.

नव्या तंत्रास नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. डिजिटल ध्वनि अंकांत मोजलेला, तुकड्यातुकड्यांचा. त्यांत गोडवा कोठून येणार, अशी जुन्या शौकिनांची तक्रार असते. ती आम्हांस पटत नाहीं. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या सीडींत ध्वनीचें माप सेकंदास ४४,१०० वेळां घेतलें जातें. मनुष्याच्या कानाला सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपलीकडचें ऐकूंच येत नाहीं. आणि कंपनांच्या दुपटीहून अधिक मापें घेतलीं म्हणजे मूळची लाट पुन्हा उभी करतां येते. उलट जुनी लाखेची तबकडी मिनिटास ७८ फेरे घेई व तीन-साडेतीन मिनिटांत संपे. बिचाऱ्या गवयाला तेवढ्यांत राग आटोपावा लागे! शिवाय प्रत्येक वेळीं सुई तिला थोडी झिजवी, तें निराळेंच.

मग आमचें म्हणणें काय? बाजारांतलें गाणें मोबाइलवर मिळेल, हें खरें. परंतु घरच्या कॅसेटींत आजीच्या जात्यावरच्या ओव्या असतात, आजोबांनीं खोकत खोकत सांगितलेली गोष्ट असते. त्यांची दुसरी प्रत जगांत कोठेंहि नाहीं. भास्करबुवा बखले १९२२ सालीं वारले. आपल्या देशांत १९०२ पासून तबकड्या निघत होत्या, तरी त्या थोर गवयाचा आवाज मागें राहिला नाहीं. आज त्यांची कीर्ति तेवढी ऐकावयाची.

कॅसेटच्या फितीवरील चुंबकीय लेप वर्षानुवर्षें खराब होत जातो, म्हणून तींतील आवाज संगणकावर उतरवून घ्यावा. डिजिटल प्रत कितीहि वेळां उतरविली तरी फिकी पडत नाहीं. मात्र झिजलेली तबकडी खरखरत कां होईना गाते, बिघडलेला मोबाइल एकदम मुका होतो. तेव्हां प्रती दोन कराव्या व निरनिराळ्या ठिकाणीं ठेवाव्या.

साठ मिनिटांची कॅसेट साध्या यंत्रावरून उतरविण्यास साठच मिनिटें लागतात. तेवढा वेळ मुलांनीं वडीलधाऱ्यांस जवळ बसवून घ्यावें, आणि कोणता आवाज कोणाचा, हें सांगणारें माणूस घरांत आहे तोंवरच नांव व साल लिहून ठेवावें.