रिकामं स्टेशन, म्हणे पाडा!

मागच्या पोस्टमध्ये जॉर्जियातल्या प्लेन्सच्या रेल्वे स्टेशनाचा फोटो टाकला आणि भाचेबुवांचा फोन आला. "मामा, या लाकडी खोक्यासाठी तू अडीच तास गाडी चालवलीस? रोजची गाडी येत नाही तिथे स्टेशन ठेवायचं कशाला? पाडावं आणि जागा वापरावी!"

फोनवर हसलो, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून हे जाहीर उत्तर.

अरे बाबा, हे गाव आज जिथे आहे तिथे आहे तेच मुळी रेल्वेमुळे. १८८०च्या दशकात रूळ पडले आणि आसपासच्या वस्तीतली माणसं घरंदारं हलवून रुळांजवळ आली. स्टेशन १८८८चं. १९५१ मध्ये प्रवासी गाडी बंद झाली. तुझ्या हिशेबाने तेव्हाच पाडायला हवं होतं. नाही पाडलं, म्हणून १९७६ मध्ये याच गावच्या जिमी कार्टर यांना निवडणूक प्रचाराचं मुख्यालय थाटायला ही रिकामी इमारत मिळाली! जानेवारी १९७७ मध्ये गावकरी शपथविधीला निघाले तेही इथूनच, १८ डब्यांच्या खास गाडीने.

आणि त्या प्रचाराच्या दिवसांत स्टेशनात बसून आल्यागेल्याशी गप्पा मारायच्या त्या लिलियनबाई, कार्टर यांच्या आई. या बाई आपल्या विक्रोळीत राहून गेल्या आहेत, ठाऊक आहे? १९६६ ते ६८, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी पीस कोअरमधून आल्या होत्या, परिचारिका म्हणून.

पण मला नुसती कौतुकाची गोष्ट सांगायची नाही. "बघा, राष्ट्राध्यक्षांचं साधं स्टेशन" एवढंच म्हणून फोटो काढणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. कार्टर यांनीच बालपणाच्या आठवणींत लिहिलंय. शेजारच्या आर्चरीहून ते आपल्या काळ्या मित्राबरोबर सिनेमाला निघायचे. गाडी थांबवायची, तिकिटं काढायची आणि आत शिरताच दोघांनी वेगळं बसायचं. एक गोऱ्यांच्या भागात, एक काळ्यांच्या. थिएटरातही तेच. घरी परतताना पुन्हा दोस्ती! हे सगळं याच रुळांवर घडलंय.

इमारत पाडली की अभिमानाची जागा जाते, हे सगळेच म्हणतात. लाजेचा पुरावाही जातो, हे कुणी म्हणत नाही. आणि तो गेला की पुढची पिढी खुशाल म्हणते, असं काही नव्हतंच.

आज तिथे संग्रहालय आहे आणि रुळांवरून हौशी पर्यटकांची गाडी येते. चांगलंच आहे. पण मधली पंचवीस वर्षं ते स्टेशन नुसतं उभं होतं, कुणाच्याही उपयोगाचं नसताना. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची वर्षं तीच.

तेव्हा भाचेबुवा, रिकामं म्हणजे निरुपयोगी नव्हे. पुढच्या खेपेला तूही चल. गाडी तू चालव, शेंगदाणे माझ्यातर्फे!