सानियाचं लग्न, ऋतुजाचं गोल्ड

निफाडला गेलं की आमचे तात्या टेनिसच्या बातम्या सांगतात. म्हणजे काय, तर कुणाचं लग्न, कुणाचा काडीमोड! सानिया मिर्झानं दुहेरीत ६ ग्रँड स्लॅम जिंकले. तात्यांना पाठ फक्त २०१० चं लग्न. बरं, ऋतुजा भोसले कोण? गप्प. अहो तात्या, आपल्या महाराष्ट्राची पोरगी! २०२३ साली हांगझोऊ एशियाडला बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं गोल्ड घेतलं तिनं. पहिला सेट २-६ हरून, मग ६-३, १०-४. चटपटीत बातम्या वाचाव्यात, पण आधी स्कोअर, मग वरात! पेपरवाल्यांना तरी किती शिव्या घालायच्या? २०२४ मध्ये सानियाच्या घटस्फोटाची बातमी ऑफिसात बसून मी लगेच उघडली. ऋतुजाचं गोल्ड? दुसऱ्या दिवशी कळलं.