लाटेपेक्षा वाऱ्याचे भय धरावे

समुद्राचे भय म्हणजे लाटांचे भय, ही भरती-ओहोटी आणि पावसाळी उधाण यांच्या धाकात वाढलेल्या कोकणकिनाऱ्यावरील माणसाची समजूत आपल्या जागी यथार्थ आहे. परंतु तीच उराशी धरून जो प्रवासी ग्रीसच्या बेटांवर पोहण्यास उतरतो, तो फसण्याचा संभव फार. तेथे भरती-ओहोटी जेमतेम जाणवते, आणि उन्हाळ्यात सर्वाधिक सावध राहावे ते वाऱ्यापासून.

या वाऱ्याला ग्रीक लोक मेल्टेमी म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये तो ऐन भरात असतो. उत्तरेकडून येतो, दिवस चढेल तसा बळावतो, ब्यूफोर्ट श्रेणीवर 6-7 पर्यंत सहज मजल मारतो, आणि तरीही आकाशात ढगाचा मागमूस नसतो. ॲरिस्टॉटलने ज्यांची कारणमीमांसा केली आणि फिलिप राजा ज्यांचा लाभ घेऊन मोहिमा काढतो असे डेमॉस्थेनिसने अथेन्सकरांस बजावले, तेच हे वार्षिक वारे.

क्रीटच्या दक्षिण किनाऱ्यावरील प्लाकियास गावी हा वारा डोंगरांच्या घळींतून समुद्राकडे झेपावतो. काठचे पाणी सपाट दिसते, कारण जमिनीवरून आलेल्या वाऱ्याला लाट उठवण्यास अजून अंतरच मिळालेले नसते. मात्र छत्र्यांच्या झालरी समुद्राच्या दिशेने फडफडत असतात आणि थोड्या अंतरावर पाणी काळवंडून त्यावर पांढरा फेस फुटत असतो. आपल्याकडे दुपारचा खारा वारा दमलेल्याला निदान किनाऱ्याकडे लोटतो. येथे ऐन दुपारी वारा खोल पाण्याकडे ओढतो, आणि पॅडलबोर्डवर ताठ उभ्या असलेल्या माणसाचे शरीरच त्याचे शीड होते.

म्हणून वारा जमिनीवरून वाहत असता बोर्ड वा कयाक भाड्याने देण्याची मुभाच नसावी, आणि ही अट दुकानदाराच्या परवान्यात स्पष्ट नमूद असावी, असे माझे ठाम मत आहे. प्रौढ माणसाला स्वतःच्या जिवाचा अखत्यार आहे, हा आक्षेप मला मान्य नाही. कारण वाहून गेलेल्याला आणण्यास जे जातात, त्यांच्या जिवाचा अखत्यार त्याला कोणी दिलेला नसतो.

पोहणाऱ्याने बोयांच्या आत, किनाऱ्याला समांतर पोहावे आणि अंगाशी भडक रंगाचा फुगा बांधावा. वल्हवणाऱ्याने प्रथम वाऱ्याच्या विरुद्ध जावे, म्हणजे दमल्यावर परतीस वारा साह्य करील, आणि बोर्डाची दोरी पायाला, जीवरक्षक जाकीट अंगात व मोबाईल जलरोधक पिशवीत ठेवावा. वाहून जाऊ लागल्यास बोर्ड कदापि सोडू नये; त्यावर पालथे पडून हातांनी पाणी कापावे आणि वेळीच तटरक्षक दलाला 108 वर किंवा 112 वर कळवावे. फुगवलेल्या गाद्या व खेळणी घेऊन मुलांना अशा दिवशी पाण्यात सोडू नये. हे सारे नियम अर्ध्या पानावर मावतात. ते प्रत्येक भाड्याच्या पावतीवर छापण्यास कोणाचेही नुकसान नाही, आणि न छापण्यास कोणतीही सबब नाही.