थोडेसे वजन, वेळीच

बाबासाहेबांना मधुमेहाने अखेरपर्यंत छळले. त्यांची जयंती परदेशात उत्साहाने साजरी करणाऱ्या आपण या व्याधीकडे दुर्लक्ष करू नये. दक्षिण आशियाई माणसाला तुलनेने कमी वजनातही मधुमेह गाठतो. म्हणूनच अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ साली आशियाई वंशाच्या लोकांसाठी तपासणीची बीएमआय मर्यादा २५ वरून २३ वर आणली.

उपाय मात्र आवाक्यातला आहे. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ३,२३४ व्यक्तींवर झालेले संशोधन २००२ साली प्रसिद्ध झाले. त्यातील एका गटापुढे वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम एवढेच ध्येय होते. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. ८० किलोच्या माणसासाठी ही घट सुमारे साडेपाच किलोंची.

संयुत्त निकायात अतिभोजनाने धापा टाकणाऱ्या राजा प्रसेनजिताला बुद्धांनी उपवास नव्हे, भोजनातील मात्रा सांगितली. राजाने भात हळूहळू कमी केला. आपणही येत्या १४ एप्रिलच्या सहभोजनात भात थोडा, डाळ-भाजी अधिक ठेवू या आणि जेवणानंतर मुलाबाळांसह अर्धा तास चालू या.

जय भीम!